मगदूम काकूंच्या माडीवरचा टायगर

"मॅडम, ह्याला तेवढं एक इंजेक्शन देऊन टाका," असं म्हणत ऋतुराजनं काचेची पेटी माझ्या टेबलावर ठेवली. टेबलावर लसीकरणाचं रजिस्टर, तपासायला आलेली बोकडाच्या लेंड्यांची पुडी आणि माझा चहा होता. पेटी मावेना, म्हणून त्यानं माझा कप उचलून माझ्याच हातात दिला.

पेटीत वाळू होती आणि वाळूवर हातभर लांबीचं एक जनावर पसरलं होतं. रंग उन्हाळ्यातल्या ढेकळाचा, अंगाच्या दोन्ही कडांना काटे, चेहरा एखाद्या निवृत्त सर्कल इन्स्पेक्टरचा. हनुवटीखाली काट्यांची दाढी, आणि ती काळीकुट्ट झालेली. त्यानं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

"कसलं इंजेक्शन?" मी विचारलं.

"झोपेचं. कायमचं."

ऋतुराज आमच्या गावच्या दूध संस्थेच्या माजी चेअरमनांचा मुलगा. हे जनावर, म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन नावाचा परदेशी सरडा, त्यानं सव्वा वर्षापूर्वी पुण्याहून आणलं होतं. नाव ठेवलं टायगर. खांद्यावर बसवून काढलेला त्याचा फोटो गावातल्या दोन वाढदिवसांच्या फ्लेक्सवर झळकून गेला होता. आता आठ दिवस टायगर काही खात नव्हता, नुसता पडून असायचा. त्यात ऋतुराजच्या बायकोला दिवस गेलेले, आणि असलं ध्यान घरात नको म्हणून आईनं धरणं धरलेलं. हे सगळं त्यानं मोबाईलवर बोट फिरवत सांगितलं.

ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, परभणीहून कृष्णाकाठच्या कुंभारवडगावला आलेली पशुवैद्यकीय अधिकारी. पाच वर्षांच्या शिक्षणात सरपटणाऱ्या प्राण्यांवर आम्हाला एक तास होता, आणि त्या तासाला अर्धा वर्ग क्रिकेटची मॅच बघायला गेला होता. मी त्या अर्ध्यात होते.

शिवाय त्या दिवसांत मी कुठल्याच जनावराला फारसा हात लावत नव्हते. जरा अवघड काही आलं की एक चिठ्ठी लिहायची: 'पुढील उपचारांसाठी सांगलीला न्यावे.' गाईला चिठ्ठी, म्हशीला चिठ्ठी, एकदा तर एका कोंबडीला चिठ्ठी. आमचे परिचर बापू लोहार निवृत्तीला दीड वर्ष उरलेले गृहस्थ. माझा पेन खिशाबाहेर निघाला की ते न सांगता चिठ्ठ्यांचं पॅड पुढे सरकवायचे.

पण टायगरला सांगलीला नेणार कोण? मालकाला तो नकोच होता. मी ऋतुराजला म्हटलं, ठेवून जा, संध्याकाळी करते. त्यानं फॉर्मवर सही केली आणि गेला. दारातून एकदा मागे वळून बघितलं, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

संध्याकाळी मी कपाट उघडलं, बाटली काढली, परत ठेवली, आणि पेटी रेनकोटमध्ये गुंडाळली.

बापू बघत होते. म्हणाले, "मॅडम, मगदूम काकू घरात कांदा घिऊ देत न्हाईत. ह्यो घिऊ देतील व्हय?"

सुलोचना मगदूम या माझ्या घरमालकीण. वय अडुसष्ट, एकट्या, गुडघे गेलेले, साखर वाढलेली, आवाज मात्र खणखणीत. वरच्या आळीत त्यांचं घर, आणि माडीवरच्या दोन खोल्या माझ्या. जैन घर. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य. सूर्य मावळल्यावर काकू अन्नाचा कण तोंडात घालायच्या नाहीत. पाणी गाळून प्यायच्या, चालताना खाली बघून चालायच्या. मला खोली देताना त्यांनी एवढीच अट घातली होती की आमच्या छपराखाली जीव मरता कामा नये. मी जनावरांची डॉक्टर म्हणजे जीव वाचवणारीच, असा त्यांचा समज होता. मी तो मोडला नव्हता.

जिन्यात त्यांनी अडवलं. हे काय, म्हणून विचारलं. मी म्हटलं, सरकारी मशीन. रेनकोट एका बाजूनं सरकला होता.

"मशीनच्या झाकणाला भोकं कशाला?"

"गरम होतं ते."

त्यांनी मला जाऊ दिलं. तेव्हा मला वाटलं, त्यांना पटलं.

पुण्यात माझी वर्गमैत्रीण नेत्रा अशा विचित्र जनावरांचा दवाखाना चालवायची. तिला फोन लावला. तिनं आधी पोटभर हसून घेतलं आणि मग अर्धा तास शिकवलं. पहिली गोष्ट, वाळू काढून टाक, ती पोटात जाते. खाली वर्तमानपत्र घाल. एका टोकाला कडक ऊब हवी, चाळीस अंशांच्या आसपास, दुसऱ्या टोकाला थंडावा, म्हणजे त्याला हवं तिथे ते जाऊन बसेल. उन्हातले जे किरण हाडांना लागतात ते देणारी एक खास ट्यूब असते, ती एसटीच्या पार्सलनं पाठवते. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तर त्याला दुसरा सरडा वाटतो, म्हणून कडा झाक. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिला आठवडाभर त्याला उचलायचं नाही, कुरवाळायचं नाही, पाहुण्यांना दाखवायचं नाही. नवीन सून घरात आल्यावर आपण जे जे करतो, त्यातलं काहीही करायचं नाही.

मी कामाला लागले. कोंबडीच्या पिल्लांना ऊब देतात तो बल्ब दवाखान्यातल्या जुन्या सामानातून आणला. त्याच्याखाली एक वीट ठेवली. ऊब किती लागते ते बघायला दवाखान्याचा थर्मामीटर, जो एरवी म्हशींच्या कुठे जातो ते सांगायला नको, तो धुऊन विटेवर ठेवला. एकेचाळीस. पेटीच्या तीन बाजूंना लाळ-खुरकत रोगाची सरकारी पोस्टरं चिकटवली. टायगरला आता तीन बाजूंनी तोंडाला फेस आलेले बैल दिसत होते, पण दुसरा सरडा दिसत नव्हता.

खाण्याचं काय, हा प्रश्न बापूंनी सोडवला. त्यांच्या मेव्हण्याचं रेशमाचं शेड होतं. नेत्रा म्हणालीच होती, रेशमाच्या अळ्या म्हणजे या जनावरांना पक्वान्न. बापूंनी परातभर अळ्या आणि तुतीचा पाला आणून दिला. तिसऱ्या दिवशी टायगरनं तीन अळ्या खाल्ल्या. दाढी काळ्याची राखाडी झाली. चौथ्या दिवशी दोन खाल्ल्या. मी नेत्राला असा फोन केला की जणू मीच बाळंत झाले होते. पाचव्या दिवशी त्यानं तोंड फिरवलं, ते फिरवलंच.

सहाव्या दिवशी काकू वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी जिना चढत नसत. छत गळतंय का बघायला आले, म्हणाल्या, खाली पावसासारखा आवाज येतोय. बाहेर त्या वेळी पाऊस थांबलेला होता. आवाज परातीतून येत होता. दोन-अडीचशे अळ्या एकदम पाला खायला लागल्या की अगदी सर पडल्यासारखा आवाज होतो.

काकूंनी परात बघितली, मग पेटी बघितली.

"हे काय आहे?"

"रेशमाच्या अळ्या."

"आणि हे?"

"हे त्यांना खातं," मी म्हटलं. दुसरं सुचलं नाही.

 काकू शांतपणे म्हणाल्या की खोली रिकामी कर असं मी म्हणत नाही, पण हे इथे चालणार नाही. मला राग आला. दिवसभर चिठ्ठ्या लिहून आलेली, रात्रीची झोप नाही, जनावर डोळ्यांदेखत सुकत चाललेलं. मी म्हटलं, "काकू, तुमचा लग्नातला शालू कशाचा होता?"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण काकूंचा चेहरा हलला नाही.

"रेशमाचाच होता. किडे उकळून सूत काढतात हे कळलं त्या दिवशी ट्रंकेत घातला. एकेचाळीस वर्षं झाली, अंगाला लावला नाही. तुला काय वाटलं, तू एकटीच शिकलीयस?"

 त्यांनी पेटीवर वाकून टायगरला न्याहाळलं आणि विचारलं, हे पाला खात नाही का? मी खरं सांगितलं. लहानपणी अळ्या लागतात, पण वाढलेल्या जनावराचं बहुतेक पोट पाल्यावरच भरतं असं नेत्रा म्हणाली होती. हे दीड वर्षाचं आहे. मी पालक आणला होता, तो नेत्रानं नको म्हटला. त्यानं कॅल्शियम अंगी लागत नाही.

"मग शेवगा काय पाप करतोय?" काकू म्हणाल्या. "माझ्या परसात मरणाचा पाला आहे."

अर्ध्या तासात शेवग्याचा कोवळा पाला, कोवळ्या भोपळ्याचा कीस आणि लाल जास्वंदीचं एक फूल आलं. टायगरनं पाल्याकडे ढुंकून बघितलं नाही. जास्वंदीला मात्र जीभ लावली, आणि मग दोन पाकळ्या खाल्ल्या. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू त्या निवडणूक जिंकल्या आहेत. अळ्या त्याच संध्याकाळी शेडमध्ये परत गेल्या. तिथे पुढे त्यांचं काय झालं ते मी काकूंना सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

त्यानंतर काकू रोज वर यायला लागल्या. कारण रोज वेगळं. पंखा चालतो का, खिडकीतून पाणी येतं का, मी आंघोळीला गरम पाणी किती घेते. येताना पदराखाली एक जास्वंद असायची. त्याला त्या टायगर म्हणत नसत, 'ते ध्यान' म्हणत. ध्यानाला आज कसं आहे, ध्यानानं डोळा उघडला का.

ध्यानाला बरं नव्हतं. पाकळ्यांपलीकडे काही जात नव्हतं. उलट आता तो अस्वस्थ झाला होता. पेटीच्या एका कोपऱ्यात उभा राहून पुढच्या पायांनी काच खरवडायचा, मग वर्तमानपत्र फाडायचा, मग दुसरा कोपरा. पोट फुगलेलं, पाठीची हाडं दिसायला लागलेली. मी निदान केलं. ऋतुराजच्या पेटीतली वाळू पोटात गेलीय आणि आतडं तुंबलंय. नेत्रालाही फोनवर तसंच वाटलं. ती म्हणाली, एक्स-रे काढल्याशिवाय काही करू नकोस, निदान सांगलीपर्यंत तरी घेऊन ये, मी तिथल्या एकांशी बोलून ठेवते.

मला हायसं वाटलं. सांगलीला न्यावे. हे वाक्य मला चांगलं येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूंचा निरोप आला की पुलावर पाणी आलंय. धरणातून पाणी सोडलं होतं आणि कृष्णा दोन्ही काठांवर पसरली होती. आमची आळी उंचावर, तिथे भीती नव्हती, पण गाव पलीकडून तुटलं. नऊ वाजता वीज गेली. अकराला फोनची रेंज गेली. टायगरचा बल्ब विझला, वीट थंड झाली, आणि तो कोपरा खरवडतच राहिला, फक्त आता हळूहळू, दम खात.

मी त्याला टॉवेलात गुंडाळून खाली काकूंच्या स्वयंपाकघरात नेलं, कारण गॅस तिथे होता. काकूंनी आपली गुडघे शेकायची रबरी पिशवी गरम पाण्यानं भरली आणि मांडीवर ठेवली. वर टॉवेल, वर टायगर. ज्या बाईच्या घरात मला कांदा आणता येत नव्हता, तिच्या मांडीवर तो सरडा दाढी टेकवून बसला.

मी माझी बॅग उघडली. पातळ पॅराफिनची बाटली काढली, सिरिंज काढली. माझा विचार असा होता की थोडं पॅराफिन तोंडातून द्यायचं आणि मग पोट चोळून चोळून वाळू खाली सरकवायची.  नेत्रा नको म्हणाली होती, पण दुसरं काही करता येण्यासारखं दिसत नव्हतं आणि काहीच न करणंही जमत नव्हतं. मी अंगठा त्याच्या पोटावर ठेवला.

"थांब जरा," काकू म्हणाल्या.

मी थांबले.

"हे दोन दिवस उकरतंय ना? एका कोपऱ्यातनं दुसऱ्या कोपऱ्यात? खात नाही, पण पाणी पितं?"

मी हो म्हटलं.

"अगं, मी तीस वर्षं म्हशी सांभाळल्या. व्यायच्या आधी म्हैस अशीच करते. उठते, बसते, पायानं जमीन उकरते. ह्याला काही तुंबलेलं नाही. ही अडलीय. जागा शोधतीय."

मी हसणारच होते. मग हसले नाही. टायगरला उलटं धरलं आणि शेपटीच्या मुळाशी बघितलं. नराला तिथे दोन उंचवटे असतात, मादीला मधोमध एक. नेत्रानं हे पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं आणि मी ऐकल्यासारखं केलं होतं, कारण नाव टायगर होतं. एकच उंचवटा. मी बोटाच्या टोकानं पोट हलकेच चाचपलं. आत वाळू नव्हती. द्राक्षाच्या घडासारख्या गोल गोल गोट्या होत्या, दोन्ही बाजूंना, ओळीनं. नर नसला तरी या माद्यांना अंडी होतात, कोंबडीसारखी, फोल असतात इतकंच. आणि ती घालायला खोल, ओलसर माती मिळाली नाही तर आतच अडकून मादी मरते.

म्हशी गाभण आहेत की नाही हे सांगण्याचा मला सरकार पगार देत होतं. बारा दिवस एक पोटुशी मादी माझ्या खोलीत राहत होती आणि मी तिला 'तो' म्हणत होते. आणि आत्ता, काकू बोलल्या नसत्या तर, माझ्या अंगठ्यानं ती अंडी आतल्या आत फोडली असती.

मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले आणि रडायला लागले.

काकूंनी थोडा वेळ रडू दिलं. मग मी सांगितलं, कारण आता न सांगता राहवेना. चार महिन्यांपूर्वी खालच्या आळीतल्या हौसाबाई कोळींच्या म्हशीला मी बघायला गेले होते. दिवस भरलेले, कळा येतायत, पण पुढे काही सरकेना. मी हात घालून बघितलं आणि म्हटलं, अजून वेळ आहे, सकाळपर्यंत थांबा. गर्भाच्या पिशवीला पीळ पडला होता. हाताला तो लागतो, लागायला हवा होता, मला कळला नाही. सकाळी म्हैस आणि पोटातलं रेडकू दोन्ही गेली होती. हौसाबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. बादलीत पाणी आणून दिलं, हात धुवायला साबण दिला. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी चिठ्ठ्या लिहीत होते. टायगरला मात्र इंजेक्शन देता आलं नाही आणि चिठ्ठीही देता आली नाही, म्हणून तो घरी आला. मी त्याला वाचवायला वगैरे आणलंच नव्हतं. मला फक्त आणखी एक जनावर मेलेलं बघायचं नव्हतं.

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या. "गावाला ठाऊक आहे. हौसा त्याच दिवशी सांगून गेली मला."

मग त्यांनी मांडीवरच्या टॉवेलाची घडी सारखी केली. "चुकलीस. त्याचं काय करायचं ते तू कर. पण म्हणून साऱ्या गावाची गुरं नदीपार धाडणार होय? आज पुलावर पाणी आहे. आज कुणाला धाडशील? उठ, माती बघू."

माती सगळी चिखल झालेली. शेजारच्या अर्धवट बांधकामावर ताडपत्रीखाली वाळू होती, ती मी घमेल्यानं आणली. परसात गोवऱ्यांच्या खोपटातली कोरडी माती मिळाली. काकूंनी चष्मा लावला आणि परातीत माती पसरून तिच्यातल्या मुंग्या एकेक करून कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडल्या. मी म्हटलं, काकू, घाई आहे. त्या म्हणाल्या, मुंग्यांनाही घाई असेल. मग ती माती आणि वाळू त्यांनी जुन्या कढईत फुटाणे भाजायची वाळू तापवतात तशी कोमट केली, पाण्याचा हबका मारला, आणि मुठीत दाबून बघितली. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला पाहिजे, म्हणजे बोगदा ढासळत नाही, हे मी सांगण्याआधीच त्यांना कळलं होतं. धान्याचा एक प्लास्टिकचा डबा आडवा करून आम्ही तो अर्ध्याहून अधिक भरला आणि टायगरला आत सोडलं.

पाच मिनिटं ती नुसती बसली. मग तिनं एक पाय मातीत घातला, आणि माती मागे उडाली. थेट काकूंच्या चष्म्यावर.

दुपारी दीडची वेळ असेल. त्यानंतर तिनं जे उकरलं ते बघून मला आमच्या पाणीपुरवठा योजनेच्या कंत्राटदाराची आठवण झाली, म्हणजे त्यानं हे बघायला हवं होतं. डोकं आत, मग खांदे आत, मग नुसती शेपटी बाहेर. साडेतीनला ती उलटी फिरून बसली आणि थांबली. आम्ही डब्यावर फडकं टाकून बाजूला झालो. फडकं उचलून बघायचा हक्क काकूंनी स्वतःकडे ठेवला होता. पहिलं अंडं आल्यावर त्यांनी मला बोट दाखवलं. एक.

साडेपाचपर्यंत चौदा झाली. मग काहीच होईना. ती मातीत गाल टेकवून पडली, तोंड अर्धवट उघडं. मी चाचपलं. आत अजून होती.

आता करायचं ते मलाच करायचं होतं. म्हशीला कळा वाढवायचं औषध माझ्या बॅगेत होतं, कॅल्शियमही होतं. पण म्हैस चारशे किलोची आणि टायगर काकूंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीनशे साठ ग्रॅम. मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं, खोडलं, परत मांडलं. माझ्याकडच्या सिरिंजा म्हशीच्या मापाच्या. काकूंनी त्यांच्या इन्सुलिनच्या नव्या सिरिंजचं पाकीट फोडून दिलं. आधी कॅल्शियम. मग चाळीस मिनिटं वाट बघितली. मग दुसरं, सुईच्या टोकाला जेमतेम दिसेल एवढं.

गणित चुकलं असतं तर ती काकूंच्या पुढ्यात, माझ्या हातात मेली असती. हे मला सुई आत जाताना पुरतं कळलेलं होतं. तरी मी सिरिंजचा दट्ट्या तळापर्यंत दाबला. 

वीस मिनिटांनी पंधरावं अंडं आलं. मग एकामागून एक, एकवीसपर्यंत. शेवटी तिनं वळून आपणच खड्डा बुजवला, डोक्यानं माती दाबली, आणि ती बाहेर येऊन काकूंच्या रबरी पिशवीवर चढली. दाढी पिवळी झाली होती.

तेव्हा कुठे मी खिडकीबाहेर बघितलं. सूर्य मावळून गेला होता. ओट्यावर काकूंचं ताट झाकलेलं तसंच होतं. साखरेचा आजार, दुपारपासून पोटात काही नाही, आणि आता सकाळपर्यंत काही घेणार नव्हत्या. मी म्हटलं, काकू, तुम्ही जेवला नाहीत.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मला आधी सांग, ह्या अंड्यांत जीव आहे का?"

मी नाही म्हटलं. बापच नाही. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि मग म्हणाल्या, बरं झालं, एक आहे तेच पुरे आहे. डॉक्टर म्हणून मी त्यांची साखर तपासली, ती ठीक होती. मी रात्री खालीच झोपले, तरीसुद्धा.

टायगर पुढे सहा वर्षं जगली. माझी बदली झाली तेव्हा ती माझ्याबरोबर आली नाही, काकूंनी दिली नाही. अंडी दर वर्षी घातली, धान्याच्या त्याच डब्यात.

पण मला सांगायचं आहे ते तिसऱ्या दिवसाचं. पाणी उतरलं होतं, पूल सकाळीच मोकळा झाला होता. दवाखान्यात मळ्यातले एक गृहस्थ मोटरसायकलवर आले. म्हैस काल संध्याकाळपासून कळा देतीय, पण काही दिसत नाही, म्हणाले. बापूंनी चिठ्ठ्यांचं पॅड माझ्यापुढे सरकवलं.

"बूट कुठे आहेत माझे?" मी विचारलं.

बापूंनी पॅडकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कपाटामागून गमबूट काढून आणले. एका बुटात मुंगळे झाले होते. बापू ते झटकायला निघाले, तर मी बूट त्यांच्या हातातून घेतला आणि दारात नेऊन उलटा ठेवला, ते आपणहून निघेपर्यंत.

गोठ्यात चिखल होता. मी आडवी झाले, खांद्यापर्यंत हात आत घातला. या वेळी घाई केली नाही. आतल्या भिंतीला एक दोरीसारखी घडी होती, डावीकडून उजवीकडे वळत गेलेली. पीळ. मी तो दोनदा, तीनदा तपासला. मग म्हैस उजव्या कुशीवर पाडायला सांगितली, पोटावर फळी ठेवून बापूंना तिच्यावर उभं केलं आणि पाच जणांना तिला पायाच्या दोऱ्या धरून लोळवायला लावलं. एकदा. काही नाही. दुसऱ्यांदा बापू फळीवरून शेणात पडले, सगळे हसले, मीही. तिसऱ्यांदा आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि माझ्या हातापुढे वाट मोकळी झाली.

आत रेडकाचा एक पाय लागला. जिवंत असेल तर झटका देईल, म्हणून खुराच्या दोन नखांमध्ये मी जोरात चिमटा काढला.

पाय मागे ओढला गेला.